कराचे ओझे आणि कायद्याचा तराजू

शाळेची इमारत, फळा, खडू, पाठ्यपुस्तके आणि शिक्षकाचे वेतन यांचा पैसा कोठून येतो, असा प्रश्न चौथीच्या वर्गात विचारला, तर बहुतेक मुले ‘सरकार देते’ असे उत्तर देतात. हे उत्तर चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे. सरकारजवळ स्वतःचा असा पैसा नसतो. तो लोकांकडून कररूपाने येतो, आणि म्हणून कर कोण देतो, कोण चुकवितो आणि चुकविणाऱ्याचा भार अखेर कोणावर पडतो, हा प्रश्न शाळेच्या दारापर्यंत येऊन पोचतो. नागरिकशास्त्राच्या पुस्तकात कराविषयी दोन-चार ओळी असतात. त्या ओळींना जिवंतपणा यावयाचा असेल, तर एखाद्या कर्तबगार व्यक्तीचे कार्य डोळ्यांसमोर ठेवणे हा उत्तम मार्ग होय. फिलिपाईन्स देशाच्या माजी करआयुक्त श्रीमती किम हासिंतो-हेनारेस यांचे कार्य या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहे.

एक चित्र

मार्च 2014 मध्ये फिलिपाईन्समधील वृत्तपत्रांत सरकारी करखात्याची एक जाहिरात प्रसिद्ध झाली. तीत एक शिक्षक उभा असून त्याच्या खांद्यांवर एक डॉक्टर बसला आहे, असे दृश्य होते. जो आपला कर भरत नाही, तो कर भरणाऱ्यांच्या खांद्यांवरचे ओझे होतो, असा त्या चित्राचा आशय होता. जाहिरात निघताच डॉक्टरांच्या राष्ट्रीय संघटनेने तिचा जाहीर निषेध केला आणि क्षमायाचनेची मागणी केली. आयुक्त हेनारेस यांनी क्षमा मागितली नाही.

या चित्रात खालचा माणूस शिक्षकच का, याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे. वेतनदार मनुष्याचा कर वेतन हाती येण्यापूर्वीच कापला जातो. त्याचे उत्पन्न कागदावर स्पष्ट नोंदलेले असते. ते लपविण्यास त्याला वाव नसतो. याउलट स्वतंत्र व्यवसाय करणाऱ्याचे उत्पन्न किती, हे प्रामुख्याने तो स्वतः सांगेल त्यावर अवलंबून असते. तो डॉक्टर असेल, वकील असेल किंवा व्यापारी असेल. त्यांतील अनेकजण प्रामाणिक असतात. परंतु जो नसतो, त्याची उणीव वेतनदाराच्या कापलेल्या पैशातून भरून निघते. सगळ्या डॉक्टरांना एकाच मापाने मोजल्याचा आक्षेप त्या संघटनेने घेतला, आणि त्यात तथ्य होते. तथापि चित्रामागील मूळ प्रश्न त्यामुळे खोटा ठरत नाही.

देशाची पार्श्वभूमी

फिलिपाईन्स हा सात हजारांहून अधिक बेटांचा देश आहे. तेथे सुमारे तीन शतके स्पेनचे व त्यानंतर अमेरिकेचे राज्य होते. 1946 मध्ये तो स्वतंत्र झाला. स्पॅनिश अमदानीत प्रत्येक प्रौढ रहिवाशाला डोईपट्टी भरल्याचा दाखला जवळ बाळगावा लागे. त्याला ‘सेदुला’ म्हणत. ऑगस्ट 1896 मध्ये आंद्रेस बोनिफासिओ यांच्या अनुयायांनी हे दाखले जाहीरपणे फाडले आणि स्वातंत्र्याचा उठाव पुकारला. आपल्याकडे मिठाच्या सत्याग्रहाचा धडा शिकविणाऱ्या शिक्षकाला या घटनेचे मर्म सांगावयास नको. परकीय सत्तेचा कर न देणे हे तेव्हा देशभक्तीचे लक्षण होते. परंतु राज्य स्वतःचे झाल्यावरही कर चुकविण्याची वृत्ती तशीच राहिली, तर स्वराज्याच्या शाळा आणि दवाखाने कोणी चालवावयाचे? जुन्या वसाहतींतून स्वतंत्र झालेल्या सर्वच देशांपुढे हा प्रश्न उभा राहिला.

फिलिपाईन्सचे करखाते, म्हणजे ‘ब्यूरो ऑफ इंटर्नल रेव्हेन्यू’, 1904 मध्ये अमेरिकन अमदानीत स्थापन झाले. त्याचे प्रमुखपद दीर्घकाळ पुरुषांकडेच होते. 1992 मध्ये श्रीमती लिवायवाय विन्झोन्स-चाटो या आयुक्त झाल्या आणि ती परंपरा मोडली. म्हणजे 2010 मध्ये हेनारेसबाई त्या पदावर आल्या, तेव्हा वाट अगदीच अनोळखी नव्हती.

पूर्वतयारी

हेनारेसबाईंनी प्रथम मनिला येथील द ला साल विद्यापीठात हिशेबशास्त्राचे शिक्षण घेतले आणि नंतर आतेनेओ विद्यापीठात कायद्याची पदवी संपादन केली. पुढे अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठातून त्यांनी कायद्याचे उच्च शिक्षण पूर्ण केले. खाजगी क्षेत्रात काही काळ काम केल्यावर 2003 ते 2005 या काळात त्या करखात्यात उपायुक्त होत्या. जमाखर्चाची वही वाचता येणे आणि कायद्याचे कलम लावता येणे या दोन गोष्टी एका व्यक्तीत क्वचित एकत्र येतात. त्या दोहोंचा उपयोग त्यांना पुढे पदोपदी झाला. जून 2010 अखेर बेनिग्नो अकिनो तिसरे हे राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांनी हेनारेस यांना आयुक्त नेमले, आणि जून 2016 पर्यंत, म्हणजे राष्ट्राध्यक्षांची सहा वर्षांची मुदत पूर्ण होईपर्यंत, त्या त्या पदावर राहिल्या.

बंद तिजोरीचा शोध

नव्या राष्ट्राध्यक्षांनी नवे कर न लावण्याचे आश्वासन दिले होते. तेव्हा आहेत तेच कर नीट वसूल करणे हे आयुक्तांचे पहिले काम ठरले. परंतु येथे एक मोठी अडचण होती. फिलिपाईन्समध्ये 1955 पासून बँकेतील ठेवींच्या गुप्ततेचा कडक कायदा आहे. काही मोजके अपवाद सोडले, तर करआयुक्तालाही कोणाच्या बँक खात्यात डोकावता येत नाही. मग एखाद्याचे खरे उत्पन्न शोधावयाचे कसे?

यावर उपाय हिशेबशास्त्रानेच दाखविला. मनुष्याला मिळकत लपविता येते. परंतु खर्च लपविणे कठीण असते. मोटार घेतली, तर तिची नोंदणी होते. घर घेतले, तर खरेदीखत होते. तेव्हा या नोंदी एका बाजूस आणि त्या मनुष्याने भरलेले करपत्रक दुसऱ्या बाजूस ठेवावयाचे आणि दोहोंचा मेळ बसतो का, ते पाहावयाचे. जुलै 2010 मध्ये अकिनो यांनी राष्ट्रापुढे केलेल्या पहिल्याच भाषणात असे एक उदाहरण आले. तारणावर कर्ज देणाऱ्या एका दुकानाच्या मालकाने 2 कोटी 60 लाख पेसोंची मोटार घेतली, परंतु योग्य तो कर भरला नाही, असा सरकारचा आरोप होता.

करचुकव्यांवर फौजदारी खटले भरण्याची मोहीम 2005 मध्येच सुरू झालेली होती. हेनारेस यांच्या काळात ती नियमित झाली. जवळजवळ दर आठवड्याला न्यायखात्याकडे नवी तक्रार दाखल होऊ लागली. आरोपींत व्यापारी होते, डॉक्टर होते, वकील होते आणि प्रसिद्ध कलावंतही होते. याखेरीज पावती न देणाऱ्या किंवा विक्री दडविणाऱ्या दुकानांना टाळे ठोकण्याची मोहीम चालू होती. तिचे नावच ‘कुलूप’ या अर्थाच्या शब्दावरून पडले होते. सर्वाधिक कर भरणाऱ्या 500 व्यक्तींची यादीही खाते प्रसिद्ध करी. चुकविणाऱ्याला लाज वाटावी आणि भरणाऱ्याला मान मिळावा, असा हा दुहेरी हेतू होता.

याचे फळ काय मिळाले? 2010 मध्ये या खात्याची वसुली सुमारे 82 हजार कोटी पेसो होती. 2012 मध्ये तिने प्रथमच 1 लाख कोटींचा टप्पा ओलांडला, आणि 2015 मध्ये ती 1 लाख 43 हजार कोटींच्या घरात गेली. या वाढीचा काही भाग अर्थव्यवस्थेच्या सर्वसाधारण वाढीमुळे होता, हे विसरता कामा नये. तसेच सरकारने दरवर्षी ठरवून दिलेली उंच लक्ष्ये बहुधा गाठली गेली नाहीत, आणि दाखल झालेल्या तक्रारींच्या मानाने शिक्षा झालेल्यांची संख्या अल्पच राहिली. वसुली वाढली, पण ती अपेक्षेइतकी वाढली नाही, असा समतोल निष्कर्ष काढणे योग्य होईल.

तंबाखूवरील कर

नवे कर न लावण्याच्या आश्वासनाला एक अपवाद झाला. तो तंबाखू व मद्य यांवरील करांच्या सुधारणेचा होय. जुन्या कायद्यात सिगारेटींवर चार वेगवेगळ्या दरांनी कर होता, आणि जुन्या प्रकारच्या सिगारेटींचे वर्गीकरण 1996 च्या किमतींवर गोठविलेले होते. त्यामुळे वर्षे लोटली, किमती वाढल्या, तरी कर स्वस्ताच्या दरानेच राहिला. अर्थखाते आणि करखाते यांनी या पद्धतीचे दोष आकड्यांनिशी मांडले. तंबाखू-उत्पादक भागांतून व कंपन्यांकडून कडवा विरोध झाला. डिसेंबर 2012 मध्ये वरिष्ठ सभागृहात अंतिम मसुदा 10 विरुद्ध 9 अशा अवघ्या एका मताने संमत झाला.

स्वस्त सिगारेटीच्या एका पाकिटावर पूर्वी 2.72 पेसो कर होता. तो 2013 मध्ये 12 पेसो झाला आणि टप्प्याटप्प्याने 2017 मध्ये सर्वच सिगारेटींसाठी 30 पेसो या एका दरावर आला. या वाढीव उत्पन्नातील काही वाटा तंबाखू पिकविणाऱ्या प्रांतांसाठी राखून, उरलेला बहुतांश भाग गरिबांच्या आरोग्यविम्यासाठी व दवाखान्यांसाठी कायद्यानेच बांधून दिला. कर म्हणजे केवळ घेणे नव्हे, तर त्याचे देणेही लोकांना दिसले पाहिजे, हे या कायद्यातून चांगले स्पष्ट होते.

शिक्षणाच्या बाबतीतही असेच म्हणता येईल. फिलिपाईन्सच्या 1987 च्या राज्यघटनेत शिक्षणाला अंदाजपत्रकात अग्रक्रम द्यावा, असे स्पष्ट कलम आहे. परंतु 2010 मध्ये देशात 66,800 वर्गखोल्यांची उणीव सरकारनेच मोजली होती. घटनेतील कलम भिंती बांधीत नाही. भिंतींना पैसा लागतो, आणि तो करातूनच येतो.

कायद्याचे दुसरे टोक

येथपर्यंतची हकीकत एकाच बाजूची झाली. करआयुक्ताच्या हाती मोठी सत्ता असते. कायद्याचा अर्थ लावणे, कर आकारणे, खाती गोठविणे हे अधिकार त्याला असतात. म्हणूनच त्या सत्तेलाही वेसण असावयास पाहिजे. फिलिपाईन्समध्ये आकारणी करण्यापूर्वी करदात्याला रीतसर नोटीस द्यावी लागते, त्याचे म्हणणे ऐकावे लागते, आणि त्याला 1954 मध्ये स्थापन झालेल्या खास कर-अपील न्यायालयाकडे दाद मागता येते.

या नियमाचे महत्त्व एका गाजलेल्या प्रकरणावरून ध्यानात येते. 2013 मध्ये खात्याने जगप्रसिद्ध मुष्टियोद्धा व लोकप्रतिनिधी मॅनी पॅकियाव यांच्यावर 2008 व 2009 या वर्षांसाठी सुमारे 220 कोटी पेसोंची आकारणी करून त्यांची बँक खाती गोठविली. अमेरिकेत झालेल्या सामन्यांच्या मिळकतीवर तेथे कर भरला आहे, असे त्यांचे म्हणणे होते; त्याचा योग्य पुरावा आला नाही, असे खात्याचे म्हणणे होते. राष्ट्राच्या लाडक्या खेळाडूवर हात टाकल्याबद्दल आयुक्तांवर टीकेचा वर्षाव झाला. कायद्यापुढे मोठा-लहान नाही, ही त्यांची भूमिका होती आणि तत्त्व म्हणून ती निर्दोष होती. परंतु प्रकरण अनेक वर्षे चालले, आणि 2022 मध्ये कर-अपील न्यायालयाने ती आकारणी रद्द ठरविली. करदात्याच्या बाबतीत कायद्याने घालून दिलेली प्रक्रिया नीट पाळली गेली नव्हती. करदात्याला जसा कायदा बंधनकारक, तसाच तो कर घेणाऱ्यालाही बंधनकारक आहे, हा धडा त्या निकालाने घालून दिला.

दुसरे प्रकरण शिक्षकवर्गाच्या अधिक जिव्हाळ्याचे आहे. जून 2014 मध्ये हेनारेस यांनी एक आदेश काढला. सरकारी कर्मचाऱ्यांना वेतनाखेरीज मिळणाऱ्या भत्त्यांवर व लाभांवर, कायद्याने सूट दिलेली नसेल तेथे, कर कापावा, असा तो आदेश होता. कर्मचाऱ्यांच्या संघटना संतापल्या. ज्यांचा कर आधीच मुळातून कापला जातो, त्यांच्याच थोडक्या भत्त्यांकडे पुन्हा नजर का वळावी, असा त्यांचा सवाल होता. जाहिरातीत ज्याच्या खांद्यावर ओझे दाखविले, त्याच्याच खांद्यावर आणखी ओझे आले, असे वेतनदाराला वाटले तर नवल नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. 2018 मध्ये न्यायालयाने आदेशाचा बहुतांश भाग वैध ठरविला, कारण त्यात नवा कर नव्हता, जुन्याच कायद्याची अंमलबजावणी होती. परंतु प्रांताचे गव्हर्नर, नगराध्यक्ष इत्यादींवर करकपातीची वैयक्तिक जबाबदारी टाकणारा भाग न्यायालयाने रद्द केला. कायद्यात नसलेली जबाबदारी आयुक्ताला आदेशाने निर्माण करता येत नाही, असे त्याचे तात्पर्य.

मग वेतनदाराला दिलासा कोठून मिळावयाचा? तो कायदेमंडळाकडून. वार्षिक बक्षिसाची करमुक्त मर्यादा 1994 पासून 30,000 पेसो होती. महसूल बुडेल म्हणून खात्याने तिच्या वाढीला विरोध केला होता. तरीही फेब्रुवारी 2015 मध्ये कायदेमंडळाने ती 82,000 केली. पुढे हेनारेसबाई पदावरून गेल्यानंतर, डिसेंबर 2017 मध्ये झालेल्या कायद्याने 2018 पासून वर्षाला अडीच लाख पेसोंपर्यंतच्या उत्पन्नावरील कर माफ झाला. कर किती असावा हे लोकांच्या प्रतिनिधींनी ठरवावयाचे, तो सर्वांकडून सारखा घ्यावयाचा हे अधिकाऱ्याने पाहावयाचे, आणि अधिकारी मर्यादा ओलांडतो का हे न्यायालयाने तपासावयाचे, अशी ही तिहेरी विभागणी आहे. तीपैकी एकही अंग दुबळे झाले, तर तराजू एका बाजूस झुकतो.

पद सोडल्यानंतर हेनारेस यांनी आंतरराष्ट्रीय कंपन्यांवरील करपद्धतीच्या सुधारणेसाठी नेमलेल्या एका स्वतंत्र आयोगावर काम केले. देशातील छोट्या करचुकव्याच्या पाठीमागे लागणाऱ्या व्यक्तीला शेवटी देशोदेशी नफा फिरविणाऱ्या बड्या कंपन्यांचा प्रश्न हाती घ्यावा लागला, हेही अर्थपूर्ण आहे.

वर्गासाठी सूचना

हा विषय पाचवी ते सातवीच्या मुलांना पुढीलप्रमाणे शिकविता येईल.

1. मुलांनी घरची घरपट्टी व पाणीपट्टी यांची पावती पाहावी व तिच्यावरील शब्द वाचावेत. रक्कम वर्गात सांगावयास लावू नये. कोणाच्या घरची थकबाकी उघड होऊन मुलाला कमीपणा येऊ देऊ नये.

2. गणिताच्या तासाला एक काल्पनिक उदाहरण द्यावे : एका मनुष्याने वर्षाला 2 लाख रुपये मिळकत सांगितली आणि त्याच वर्षी 10 लाखांची मोटार रोख घेतली. उरलेले 8 लाख कोठून आले? मुलांकडून सर्व शक्यता वदवून घ्याव्यात. साठविलेले असतील, जमीन विकली असेल, लपविलेले असतील. संशय आला म्हणजे दोष सिद्ध झाला असे नव्हे, हे येथेच बिंबवावे.

3. खांद्यावर बसलेल्या माणसाच्या चित्राचे वर्णन करून मुलांना विचारावे : वरचा माणूस कोण कोण असू शकेल? खालचा कोण? चित्र काढणाऱ्याने कोणावर अन्याय केला का? एकाच चित्राच्या दोन्ही बाजू मुलांना मांडता आल्या, तर पाठ साधला असे समजावे.

4. शाळेतील एखादी वस्तू, उदाहरणार्थ बाक, घ्यावी आणि ती शाळेत येईपर्यंतचा पैशाचा प्रवास उलट्या दिशेने शोधावा. शेवटी तो प्रवास मुलांच्या स्वतःच्या घरापाशी येऊन थांबतो, हे त्यांना आपोआप उमगेल.

गटसंमेलनातील चर्चेसाठी प्रश्न

(अ) करचुकव्यांची नावे जाहीर करणे योग्य की अयोग्य? आरोप पुढे खोटा ठरला तर काय?

(आ) प्रक्रिया चुकली म्हणून मोठी आकारणी रद्द होणे हा न्याय आहे की न्यायाचा पराभव?

(इ) वेतनदाराचा कर मुळातून कापला जातो, यात त्याची सोय किती आणि गैरसोय किती?

या प्रश्नांची एकच एक उत्तरे नाहीत. परंतु ज्या शिक्षकाने त्यांचा विचार केला आहे, त्याच्या वर्गातील मुलगा ‘सरकार देते’ एवढ्या उत्तरावर थांबणार नाही. ‘आम्ही सारे मिळून देतो, आणि म्हणून त्याचा हिशेब आम्ही मागू’ असे तो म्हणेल. लोकशाहीत नागरिकाच्या तोंडी हेच उत्तर शोभते.